ब्लॉक केलेली वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडते? आधी ती 'कधी' उघडते ते बघा

सोमवारी साइट ब्लॉक केली, गुरुवारी पोराच्या स्क्रीनवर ती पुन्हा हजर. परत ब्लॉक केली, ती रविवारपर्यंत टिकली. मग ऑफिसात कुणीतरी सांगतं की अमक्या अँटिव्हायरसमध्ये पॅरेंटल कंट्रोल येतं, तो घ्या. पैसे भरले जातात, थोडे दिवस शांतता, आणि पुन्हा तेच रडगाणं. मुंबईत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बघायचं माझं काम, आणि मे महिना लागला की या तक्रारीचे फोन वाढतात. आई-बाबा दोघंही सकाळच्या लोकलने निघालेले, आजी दुपारी झोपलेली, आणि हॉलमधला कॉम्प्युटर मोकळा.

बंदी फुटली की पालक तिच्यावर दुसरी बंदी चढवतात. पहिली कुठून फुटली ते कुणी बघत नाही. वास्तविक साइट कधी उघडते यावरूनच अर्धा तपास होतो. नेहमीच उघडते की अधूनमधून? एकाच ब्राउझरमध्ये की सगळ्या? घरच्या वायफायवर, की फक्त तुम्ही घरी नसताना? महिन्याच्या सुरुवातीला बंद राहते आणि शेवटी उघडते का? प्रत्येक उत्तराचं दुखणं वेगळं आहे. खाली विंडोज धरून लिहिलंय, कारण घरोघरी तेच असतं. आकडे मराठीत आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे आणि इंग्रजी स्पेलिंग.

नेहमीच उघडते, काहीही केलं तरी

मग बाकी सगळं बाजूला ठेवून खातं बघा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेकंडहँड डेस्कटॉप असो नाहीतर लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईत घेतलेला लॅपटॉप, त्यावर बहुतेक वेळा एकच खातं सापडतं. दुकानदाराने विंडोज टाकताना केलेलं, नाव 'यूजर' किंवा 'एचपी', पासवर्ड नाही. घरातले सगळे त्याच खात्यावर. आणि विंडोजमध्ये पहिलं केलेलं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असतं. म्हणजे तुम्ही लावलेली कुठलीही बंदी काढायचा अधिकार पोरालाही तेवढाच. घराला कुलूप लावून किल्ली दाराबाहेरच्या खुंटीला अडकवण्याचा हा प्रकार.

सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात युअर इन्फो उघडा. पोर ज्या खात्यावर बसतं तिथे नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिलेलं असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी हे करा. अदर यूजर्समध्ये जाऊन स्वतःसाठी एक नवीन खातं करा, त्याला पासवर्ड द्या, चेंज अकाउंट टाइपमधून ते ॲडमिनिस्ट्रेटर करा. त्या खात्यात एकदा लॉगिन होऊन बघा. ते चालतंय याची खात्री झाली की मग पोराचं खातं 'स्टँडर्ड यूजर' करा. क्रम हाच ठेवा, नाहीतर पासवर्ड माहीत असलेलं एकही ॲडमिन खातं हाताशी राहणार नाही आणि मग मला बोलवावं लागेल. स्टँडर्ड केल्याने पोराच्या फाइल्स, डेस्कटॉपवरचे फोटो, गेममधली लेव्हल यातलं काहीही जात नाही. ही भीती बऱ्याच जणांना असते, विशेषतः पोरांना.

तिथेच यादीतली बाकीची खातीही बघून घ्या. लालबागच्या एका घरी आई सांगत होत्या, "अहो, दुकानवाल्या मुलाने सगळं लावून दिलं होतं, तरी हे असं." यादी उघडली तर तिसरं खातं, नाव 'प्रिंटर', आणि तेही ॲडमिन. आठवीतले चिरंजीव बाजूलाच उभे.

"हे काय रे?"

"काका, ते प्रिंटरचं आहे. आपोआप येतं."

घरात प्रिंटर नव्हता.

तर, जे खातं तुम्ही केलेलं नाही आणि कुणाचं आहे ते सांगता येत नाही, ते काढा. काढण्याआधी त्यात कुणाच्या फाइल्स नाहीत ना तेवढं बघा, कारण खातं डिलीट केलं की त्याचा डेटाही जातो. आणि तुमच्या खात्याला चार आकडी पिन ठेवू नका. वन रूम किचनमध्ये पोर तुमच्या खांद्यापाशीच बसलेलं असतं, बोटं कुठे पडतात ते त्याला दिसतं. लग्नाचं वर्ष, गाडीचा नंबर, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, हे सगळं पोरांना पाठ असतं.

एजमध्ये बंद, क्रोममध्ये चालू

मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी, म्हणजे मुलांच्या वापरावर बंधनं घालायची सोय, फुकट आहे आणि घरगुती वापराला पुरेसं आहे. पण त्याचा वेबसाइट फिल्टर फक्त एज ब्राउझरमध्ये काम करतो. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये तो साइट गाळत बसत नाही, ते ब्राउझरच उघडू न देणं हा त्याचा उपाय. इथेच घोळ होतो. क्रोम उघडलं नाही की पोर 'परवानगी मागा' दाबतं, पालकांच्या फोनवर विनंती येते, आणि पालक दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीत उभे असताना 'शाळेचं काहीतरी असेल' म्हणून अलाउ करून टाकतात. त्यानंतर क्रोममध्ये सगळं जग मोकळं, आणि एजमध्ये तुमची यादी जशीच्या तशी. संध्याकाळी तुम्ही एज उघडून तपासता, सगळं बंद दिसतं, तुम्ही निर्धास्त.

फॅमिली सेफ्टीत मुलाच्या नावावर जाऊन ॲप्सच्या यादीत कुठला ब्राउझर अलाउ झालाय का ते बघा आणि असेल तर परत ब्लॉक करा. ब्राउझरची नवी आवृत्ती आली की मायक्रोसॉफ्टने आपली यादी अद्ययावत करेपर्यंत ती आवृत्ती निसटू शकते. 'परवापर्यंत क्रोम बंद होतं, आज उघडलं, मी काही केलं नाही' असं पोर म्हणत असेल तर ते खरंही असू शकतं. याच्या उलट प्रकार २०२५ च्या जूनमध्ये झाला होता. हा फिल्टर चालू असलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर क्रोम उघडल्याबरोबर मिटायचं, आणि पालक व्हायरस शोधत बसले होते.

फिल्टर अजिबातच लागत नसेल तर दोन गोष्टी तपासा. पोर कॉम्प्युटरवर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन होतंय ना जे तुम्ही फॅमिलीत जोडलंय? दुकानदाराच्या लोकल खात्याला फॅमिली सेफ्टी ओळखतच नाही. आणि फॅमिलीचं आमंत्रण स्वीकारलं गेलंय की अजून 'पेंडिंग' दिसतंय? पेंडिंग असेल तर तुम्ही भरलेली यादी नुसतीच वेबसाइटवर पडून आहे.

क्रोम ठेवायचंच असेल तर

काही शाळांचं सगळं काम क्रोममध्ये चालतं, पोराला ते सवयीचं असतं, त्यामुळे ते ठेवावं लागतं. मग क्रोमलाच नियम घाला. हे काम फार कमी घरांत केलेलं दिसतं, आणि माझ्या मते विकतच्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा हे दमदार आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कंपनी जे नियम लावते, तेच घरच्या क्रोमला लावता येतात.

ॲडमिन खात्यातून रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही, उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गूगल, त्यात क्रोम. शेवटच्या दोन की (म्हणजे तिथले फोल्डर) बहुतेक वेळा नसतात, त्या स्वतः करायच्या. क्रोमच्या कीमध्ये 'इन्कॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी' नावाची डीवर्ड (आकडी) व्हॅल्यू करून तिला १ द्या, म्हणजे गुप्त खिडकी बंद. 'ब्राउझर गेस्ट मोड एनेबल्ड'ला ० द्या, म्हणजे पाहुणा बनून शिरणं बंद. 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस मोड' ही स्ट्रिंग (अक्षरांची व्हॅल्यू), तिची किंमत 'ऑफ', म्हणजे क्रोमला स्वतःची वेगळी डीएनएस सेवा धरता येत नाही; डीएनएस म्हणजे काय ते पुढे येतंय. मग क्रोमखाली 'यूआरएल ब्लॉकलिस्ट' नावाची आणखी एक की, तिच्यात १, २, ३ अशा नावांच्या स्ट्रिंग आणि प्रत्येकीत एकेक साइटचा पत्ता. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावू नका, नुसतं डोमेन, म्हणजे साइटचं मूळ नाव, दिलं की त्याची सगळी पिल्लावळही बंद होते. तशीच 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट' नावाची की करून तिच्यात १ या नावाने नुसती फुली, म्हणजे ॲस्टेरिस्क टाकला की कुठलंही एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप, चालत नाही. फुकट व्हीपीएनची, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवून बंदी चुकवणारी, एक्स्टेन्शनं हाच पोरांचा राजमार्ग असल्यामुळे ही शेवटची ओळ सोडू नका. ही सगळी नावं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, फक्त 'यूआरएल'ची तिन्ही अक्षरं कॅपिटल.

क्रोम पूर्ण बंद करून उघडा, ॲड्रेसच्या जागी क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप करा. तुमचे नियम तिथे दिसले पाहिजेत. एखादं नाव चुकलं असेल तर तेही तिथेच कळतं. क्रोमच्या मेनूत 'तुमच्या ऑर्गनायझेशनकडून मॅनेज केलं जातंय' अशी ओळ येईल, ती बघून घाबरू नका. घरातली ऑर्गनायझेशन म्हणजे तुम्हीच.

एक भोक उरतं. क्रोम, ऑपेरा यांसारखे ब्राउझर स्टँडर्ड खात्यातसुद्धा ॲडमिन पासवर्डशिवाय बसवता येतात, आणि ऑपेरात तर व्हीपीएन आतच असतं. म्हणून सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या भागात 'ॲप्स कुठून घ्यायची' याचं उत्तर 'फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअर' करून ठेवा. डाउनलोड केलेले इन्स्टॉलर त्याने थांबतात. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेल्या पोर्टेबल (न बसवता चालणाऱ्या) ब्राउझरसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, तिथे अधूनमधून स्वतः नजर टाकावी लागते.

कधी उघडते, कधी नाही

हे सर्वांत वैतागाचं, कारण तुम्ही तपासता तेव्हा बंद आणि पोर बसतं तेव्हा चालू. इथे बहुधा डीएनएसचा घोळ असतो. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा म्हणजे डीएनएस, आणि काही सेवा नको त्या साइटचा पत्ता द्यायला नकार देतात. क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची सेवा १.१.१.३ आणि १.०.०.३ वर मिळते, ती २०२० मध्ये सुरू झाली. ओपनडीएनएस फॅमिली शील्ड २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३ वर. क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८ वर, आणि तो सर्वांत कडक: व्हीपीएन-प्रॉक्सीच्या साइट बंद करतो आणि गूगल, यूट्यूब सेफ मोडमध्ये टाकतो. तिन्ही फुकट, नोंदणीची गरज नाही.

आता घोळ कुठे होतो बघा. सेटिंग्जमध्ये डीएनएसचे आकडे भरायला दोन घरं, म्हणजे रकाने, असतात. पहिल्यात लोक १.१.१.३ टाकतात, आणि दुसरं रिकामं बरं दिसत नाही म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकतात, कारण तो तोंडपाठ असतो. गूगलचा डीएनएस काहीही गाळत नाही. पहिल्याने उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतं आणि साइट उघडते. पावसाळ्यात नेट लुळं पडलं की हे जास्त होणार. दोन्ही घरांत एकाच सेवेचे आकडे हवेत.

दुसरी गळती आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. मुंबईत बऱ्याच फायबर जोडण्यांवर आता जुन्या आयपीव्ही४ बरोबर आयपीव्ही६ ही येतं, आणि राउटर त्याचा वेगळा डीएनएस कॉम्प्युटरला परस्पर कळवून टाकतो. तुम्ही आयपीव्ही४ च्या घरात कितीही चांगला आकडा भरा, कॉम्प्युटर मात्र नेट देणाऱ्या कंपनीच्या आयपीव्ही६ डीएनएसला विचारून मोकळा होतो. विंडोजमध्ये डीएनएस भरताना आयपीव्ही६ चं बटण वेगळं असतं, ते चालू करून क्लाउडफ्लेअरचे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ हे दोन भरा. मध्ये दोन कोलन लागोपाठ आहेत, ते चुकून एक करू नका.

खरंच कोण उत्तर देतंय हे तपासायला नको ती साइट उघडून बघायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरने त्यासाठी एक खोटा पत्ता ठेवलाय. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यात 'एनएसलुकअप', जागा, 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' असं द्या. उत्तरात ०.०.०.० आलं तर १.१.१.३ वाला फिल्टर चालू आहे. दुसरा कुठला आकडा आला तर फिल्टरला वळसा पडलाय, आणि वरच्या ओळीत 'सर्व्हर'पुढे ज्याचा पत्ता दिसतोय त्याने उत्तर दिलंय. तिथे तुम्ही न भरलेला लांबलचक कोलनवाला पत्ता असेल तर चोर आयपीव्ही६.

इथे ०.०.०.० येतंय आणि तरीही ब्राउझरमध्ये साइट उघडते, असं झालं तर डीएनएसला दोष देणं थांबवा. ब्राउझरने स्वतःचा वेगळा रस्ता धरलाय: व्हीपीएन एक्स्टेन्शन, किंवा सेटिंग्जमधल्या सिक्युअर डीएनएसमध्ये कुणीतरी हाताने दुसरी सेवा निवडलीय. क्रोमचं सिक्युअर डीएनएस आपणहून असं करत नाही, ते मूळ सेवेलाच धरून राहतं. वेगळी सेवा निवडायला कुणाचं तरी बोट लागतं. घरात ते बोट कुणाचं, हे मी सांगायला नको. उपाय वर लिहिलाय, क्रोमच्या नियमांत.

तुम्ही घरी असताना बंद, नसताना चालू

राउटरमध्ये डीएनएस बदलला असेल तर तो फक्त त्या राउटरपुरता. आजीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला की राउटर बाजूलाच राहिला. चाळीत आणि जुन्या इमारतींत तर शेजारच्या खोलीतलं वायफाय भिंतीतून पूर्ण कांड्यांनी येतं, आणि शेजारच्या काकूंनी प्रेमाने पासवर्ड दिलेला असतो. म्हणून राउटरबरोबर कॉम्प्युटरवरही डीएनएस भरायचा.

तो भरतानाही जागा महत्त्वाची. विंडोज ११ मध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आणि तिथे जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस भरला तर तो त्या एका वायफायपुरताच राहतो. हॉटस्पॉटला जोडलं की गेला. त्याच पानावर खाली 'हार्डवेअर प्रॉपर्टीज' आहे, तिथे भरला तर सगळ्या वायफाय नेटवर्कना लागतो. पोराचं खातं स्टँडर्ड असेल तर त्याला तो बदलता येत नाही.

तरीही एक पळवाट आहे आणि ती पोरांना ठाऊक असते. मोबाइल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की विंडोज त्याला वेगळं नेटवर्क कार्ड समजतं, आणि वायफायला भरलेला डीएनएस त्याला लागू होत नाही. यावर डीएनएसमध्ये कायमचा इलाज शोधत बसू नका. फॅमिली सेफ्टी आणि क्रोमचे नियम कॉम्प्युटरवरच बसतात, नेट कुठूनही येवो. माझा आग्रह त्यांच्यासाठी असतो तो याचमुळे. राउटरचं गाळप हे वरचं आवरण धरा, पाया नव्हे.

राउटरचे चाळे

रात्री दहाला नेट बंद व्हावं म्हणून राउटरमध्ये वेळ लावली आणि दहाला काहीच झालं नाही? पहाटे साडेतीनला उठून बघा, तेव्हा बंद झालेलं असेल. राउटरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर आहे. टाइम झोनमध्ये साडेपाच तास पुढचा भारताचा पर्याय निवडा.

राउटरचा नियम ठरावीक कॉम्प्युटरला लावला असेल तर तो त्याच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावर, बसतो. वायफायचा मॅक वेगळा आणि लॅन केबलचा वेगळा, त्यामुळे पोराने केबल खोचली की नियम निसटला. विंडोजच्या वायफायमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू असेल तरी तेच. ते बंद करा आणि दोन्ही मॅक राउटरमध्ये भरा.

जुन्या राउटरमधला शब्दांवरून साइट अडवणारा फिल्टर आता कुचकामी आहे. जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणीवर, गेल्यामुळे पानाचा पूर्ण पत्ता राउटरला दिसतच नाही.

आणि एखाद्या दिवशी वायफायचं नाव आपोआप बदलून राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेलं नाव दिसायला लागलं, तर कुणीतरी मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट केलंय. तुमचा डीएनएस, वेळ, सगळं धुऊन निघालं. काही वेळा हे पोराचं काम नसतं, नेट चालत नाही म्हणून आलेल्या केबलवाल्याच्या माणसानेही ते केलेलं असतं. तो गेल्यावर राउटरची सेटिंग्ज एकदा बघायची सवय लावा, आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडून मागून घेऊन बदला.

महिन्याच्या शेवटी उघडते

तुम्ही नेक्स्टडीएनएस ही गाळणारी डीएनएस सेवा वापरत असणार. सेवा उत्तम आहे, प्रत्येक साइटची नोंद दिसते, पण फुकटात महिन्याला ३,००,००० विचारणांचीच मर्यादा. ती संपली की नेट चालू राहतं आणि गाळणं मात्र थांबतं. घरभरचे मोबाइल आणि टीव्ही त्याच्यावर टाकले की हा कोटा महिना संपायच्या आत उडतो. फक्त पोराचा कॉम्प्युटर जोडा, किंवा पैसे भरा.

ओपनडीएनएसवर स्वतःचं खातं काढून साइटची यादी भरली आणि तिचा उपयोग होत नाही, असंही बरेच जण सांगतात. ती सेवा तुम्हाला तुमच्या इंटरनेटच्या सार्वजनिक आयपीवरून, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या आकडी पत्त्यावरून, ओळखते. लोकल केबलवाल्याच्या नेटवर बहुधा अनेक घरांचा मिळून एकच आयपी असतो, शिवाय तो बदलतो. तिथे ती यादी टिकणार नाही. वर दिलेलं बिननोंदणीचं फॅमिली शील्ड मात्र चालतं.

होस्ट्स फाइल

इंटरनेटवर जो तो हा उपाय सांगतो. विंडोज साइटचा पत्ता आधी जिच्यात बघतं, त्या सिस्टिम ३२ मधल्या होस्ट्स फाइलमध्ये साइटचं नाव लिहायचं. एक-दोन साइटना ठीक आहे, पण साइटच्या नावाआधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वगैरे लागून होणारं प्रत्येक रूप वेगळं लिहावं लागतं, आणि नोटपॅडने ती फाइल टीएक्सटी करून सेव्ह केली की विंडोज तिला विचारतही नाही. मी हा उद्योग सोडून दिलाय.

नको तेवढं बंद झालं तर

यूट्यूब पूर्ण बंद केलं की दोन दिवसांत पोर सांगतं, बाईंनी क्लासरूममध्ये दिलेला व्हिडिओ उघडत नाही. आणि ते खरं असतं, शिक्षक यूट्यूबच्याच लिंका देतात. अशा वेळी पालक चिडून सगळीच बंदी काढतात, आणि 'आपोआप उघडलं'च्या निम्म्या तक्रारींचा उगम मला तिथे दिसतो. यूट्यूब बंद करण्याऐवजी क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर लावा, त्यात यूट्यूब रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये येतं आणि अभ्यासाचे व्हिडिओ सहसा चालतात. रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये व्हिडिओखालच्या कॉमेंट दिसत नाहीत, पोरं त्यावरून कुरकुर करतात. करू देत.

बंदी काय काय आहे ते पोराला समोर बसवून सांगा, यादी दाखवा, आणि एखादी साइट हवी असेल तर कुणाला विचारायचं ते ठरवा. ज्या घरात विचारायची सोय असते तिथे 'प्रिंटर' नावाची खाती कमी सापडतात, हे माझं निरीक्षण. दहावीच्या पुढच्या मुलांसाठी तर मी साइटची यादी छोटीच ठेवायला सांगतो. त्या वयात यादी जितकी लांब, तितका वेळ ती फोडण्यात जातो.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना सेकंडहँड डेस्कटॉप त्याच्यावर असेल तर तो बदलायचा किंवा विंडोज ११ चढतंय का ते बघायचं वेगळं काम आहेच, त्याच फेरीत ही खात्यांची व्यवस्थाही लावून घ्या.

एवढं करूनही साइट उघडत असेल आणि कुणाला बोलावणार असाल, तर त्याला 'ब्लॉक चालत नाही' एवढंच सांगू नका. साइट उघडलेली दिसली की तिथल्या तिथे चार गोष्टी कागदावर लिहा: कुठलं विंडोज खातं चालू होतं, कुठला ब्राउझर होता, खाली उजव्या कोपऱ्यात वायफायचं नाव काय दिसत होतं, आणि त्याच क्षणी एनएसलुकअपने काय उत्तर दिलं. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल, फक्त कोपऱ्यातली वेळ आणि वायफायचं चिन्ह फोटोत येऊ द्या. तो फोटो हातात असला तर बहुतेक वेळा फोनवरच काम होतं.